बर्फावरचा खो

सासऱ्यांवर जळणारी सून तुम्ही पाहिली नसेल. जावेवर जळणाऱ्या असतात, नणंदेच्या फ्लॅटवर जळणाऱ्या तर पुष्कळ. पण सकाळी उठून स्वतःचा कप स्वतः विसळणाऱ्या, मला कधी अर्ध्या शब्दानंही न दुखावलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसावर मी सबंध एक हिवाळा जळत होते. तेही आइस हॉकीवरून! सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मी जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी पाच वाजता बर्फावर उभी राहून अकरा-बारा वर्षांच्या मुलांना पास द्यायला शिकवते. हे कसं झालं म्हणाल तर लेकीमुळे. चार वर्षांची असताना ती किंडरगार्टनच्या सहलीत पहिल्यांदा स्केटवर उभी राहिली आणि मग खाली उतरायलाच तयार होईना. ती आत खेळायची, मी बाकावर बसून गारठायची. एक दिवस म्हटलं, गारठायचंच आहे तर आत जाऊन गारठू. छत्तिसाव्या वर्षी स्केटिंग शिकले. किती वेळा आपटले ते विचारू नका, त्या वर्षी ऑफिसात मी उभ्यानंच मीटिंगा केल्या.

इथल्या फेराइनला, म्हणजे क्लबला, फुकट राबणारी माणसं कायम हवी असतात. आधी मी मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, मग पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि मग एक दिवस हेड ट्रेनर म्हणाला, "डिफेन्सची सहा मुलं तू बघ." हा माणूस दिवसभर लोकांच्या घरचं हीटिंग दुरुस्त करतो आणि संध्याकाळी हॉकी शिकवतो. पक्का श्वाबियन, म्हणजे इथल्याच मातीतला. कौतुक म्हणजे काय, तर "निश्ट श्लेश्ट", वाईट नाही. तेवढं ऐकलं तरी माझा आठवडा मजेत जायचा. डिफेन्स कुणाला नकोच असतो, सगळ्यांना गोल मारायला शिकवायचं असतं. मला मात्र आकाश ठेंगणं झालं, शिवाय त्या सहांत माझी लेकही होती.

डिफेन्सच्या पोराचं काम सांगायला सोपं आहे. आपल्या गोलच्या मागून पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, उचलायचा आणि समोरून दोन धटिंगण अंगावर येत असताना तो आपल्या माणसाकडे सुखरूप पोचवायचा. मी दोन वर्षं हेच शिकवत होते. पक ढकलू नकोस, स्टिकवरून घरंगळत सोड. हनुवटी वर. पास दिल्यावर स्टिकचं टोक त्याच्याकडेच राहू दे. बर्फावर लाल कोन मांडायचे, टॅब्लेटवर व्हिडिओ काढायचे, घरी जाऊन ते मागे-पुढे करून बघायचे. सरावात पोरं सुरेख पास द्यायची. आणि रविवारी मॅच सुरू झाली की सगळं मुसळ केरात! घाबरून जवळच्यालाच पक द्यायची. तो जवळचा भिंतीकडे तोंड करून उभा. पक त्याच्या बुटाला लागून थेट समोरच्या टीमच्या स्टिकवर. आणि पास देणारं पोर जागच्या जागी उभं राहून हे सगळं बघत बसायचं.

डिसेंबरमध्ये माझी ट्रेनरच्या लायसन्सची परीक्षा होती. त्यातला शेवटचा भाग लेअरप्रोबे, म्हणजे परीक्षकासमोर आपल्याच मुलांना वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. माझा विषय अर्थातच डिफेन्सचं पासिंग. लायसन्स मिळालं तर पुढच्या मोसमापासून ती सहा मुलं अधिकृतपणे माझी. नाही मिळालं तर लायसन्सवाला कुणीतरी येणार आणि मी परत नाड्या बांधायला. खरं सांगते, नोकरीतलं कुठलं प्रमोशन मला इतकं हवंहवंसं वाटलं नव्हतं.

अशात ऑक्टोबरमध्ये बाबा, म्हणजे माझे सासरे, आले. सासूबाई गेल्यापासून ते सांगलीकडच्या गावी एकटेच असतात. नवरा मागे लागला म्हणून तीन महिन्यांसाठी आले. आयुष्यभर शाळेत पी.टी.चे सर. खो-खोच्या टीम तयार करायच्या, एस.टी.नं गावोगावी न्यायच्या, हेच केलं. आमच्या लग्नात निम्मे पाहुणे त्यांचे जुने विद्यार्थी होते, नवरा-नवरीला सोडून त्यांच्याच पाया पडायला रांग लागली होती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. तेव्हा मी कुणाची ट्रेनर नव्हते.

पहिले दोन आठवडे ते नवऱ्याचं ढगळ स्की-जॅकेट घालून, मांडीवर चहाचा थर्मास ठेवून काचेमागे नुसते बसले. एकदा परत येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, म्हणाले, "अगं, तुझी पोरं पास चांगला देतात की."

"देतात ना?" मी फुलले.

"हो. पण देऊन झाल्यावर उभी का राहतात?"

"बाबा, हा वेगळा खेळ आहे. बर्फावर सगळं फार पटापट होतं."

"हो, ते आहेच," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. पुढचा सबंध रस्ता मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी माझी एस-बान रद्द झाली. त्याऐवजी जी बस दिली होती ती कुठे थांबते हे कुणालाच माहीत नव्हतं. लेक आणि बाबा घरून आधीच पोचले होते. मी धावतपळत हॉलमध्ये शिरले तर कपडे बदलायच्या खोल्यांबाहेरच्या बोळात माझी सहाच्या सहा पोरं मोज्यांवर, एका ओळीत, एकाआड एक उलट्या तोंडानं बसलेली! खो-खो! जर्मन पोरांना उकिडवं बसता येत नाही हो, टाचा उचलल्या जातात आणि धाडकन मागे पडतात. म्हणून बाबांनी त्यांना एका गुडघ्यावर बसवलं होतं. बाबा मराठीत सांगत होते आणि लेक जर्मनमध्ये.

"जवळ आहे म्हणून द्यायचा नाही. ज्याचं तोंड तुम्हाला जायचंय तिकडे आहे, त्याला द्यायचा. ओरडून द्यायचा, मुका खो चालणार नाही. आणि दिला की त्याची जागा तुमची. उभं राहून बघत बसायचं नाही, तो गेला की तिथे तुम्ही."

लेकीनं ते धडाधड जर्मनमध्ये सांगितलं. पोरं "खो!" करून किंचाळत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, पडत होती, हसत होती. एक पोरगी जिला मी दोन वर्षांत मान वर करायला लावू शकले नव्हते, ती मान वर करून कुणाचं तोंड कुठे आहे ते शोधत होती. आणि दाराशी हेड ट्रेनर हाताची घडी घालून उभा, अख्खा चेहरा हसरा. माझ्या सरावाला तो असा कधी उभा राहिलेला मला आठवत नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण चटकन कळलं होतं, हेच ते! दोन वर्षं मी जे शोधत होते ते हेच. पास शिकवून झाला होता, पासच्या आधीचं आणि नंतरचं शिकवायचं राहिलं होतं. आणि खो-खो मलाही येत होता की! शाळेत मी टीममध्ये होते. म्हणजे एक्स्ट्रा होते, खरं तर सगळ्यांच्या चपला सांभाळत होते, पण नियम मलाही पाठ होते. मग मला का नाही सुचलं? मी कॅनडातल्या कोचचे व्हिडिओ बघत बसले. शाळेच्या मैदानावरचं काही इथे उपयोगी पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, उलट ते कुणाला दिसू नये एवढीच माझी धडपड.

"बाबा," मी म्हटलं, "ही फरशी घसरडी आहे. कुणी पडलं तर फेरझिशेरुंग माझ्या डोक्यावर येईल. इथे विम्याशिवाय असलं काही करत नाहीत."

"अरेरे, माझ्या लक्षातच आलं नाही," बाबा म्हणाले आणि लगेच टाळी वाजवून खेळ थांबवला. पोरं हिरमुसली. विम्याचं काहीही नव्हतं. बर्फावर हेच पोर केवढ्या वेगानं भिंतीवर आपटतं त्याला विमा चालतो, मोज्यांवर पडायला नाही चालत होय? पण इथे फेरझिशेरुंग म्हटलं की समोरचा गप्प होतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पोरं मात्र ऐकतात थोडीच! रविवारच्या मॅचमध्ये माझ्या लेकीनं गोलमागून पक उचलला, मान वर केली, "खो!" म्हणून ओरडली आणि जवळच्याला सोडून लांबच्या, पुढे तोंड असलेल्या पोराला पास दिला. आणि दिल्याबरोबर त्याची जागा धरली. समोरची टीम बावचळून बघत राहिली. मग दुसऱ्यानं केलं, मग तिसऱ्यानं. आम्ही मॅच हरलो, पण डिफेन्समुळे नाही. काचेमागे बाबा उभे राहून टाळ्या पिटत होते आणि शेजारचे जर्मन आजी-आजोबाही "खो!" म्हणत होते.

मॅचनंतर हेड ट्रेनर तरातरा बाबांकडे गेला. त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आपली अर्धी बटरब्रेझेल, लोणी लावलेली पावाची गाठ, त्यांना देऊ केली. हा माणूस ब्रेझेल बायकोलाही देत नसेल! मग मला म्हणाला, "आल्झो, त्यांना सांग. मी इतकी वर्षं हे काम करतोय, डिफेन्सला इतकं साधं करून सांगणारा माणूस मी बघितला नाही. दर गुरुवारी पंधरा मिनिटं द्याल का, विचार."

लेक आत कपडे बदलत होती. बाबा माझ्याकडे बघत थांबले होते, हातात ती अर्धी ब्रेझेल.

"काय म्हणतात गं?"

"म्हणतात, इथे थंडी फार आहे, जपा."

"बघ, किती काळजी करतात ही माणसं," बाबा म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात जोरजोरात हलवला. ट्रेनर म्हणाला, "मग? हो म्हणतात?" मी म्हटलं, "त्यांना संकोच वाटतो. आमच्याकडे मोठी माणसं अशीच." दोन्हीकडून खोटं बोलले, आणि ते इतकं सहज जमलं की मीच चकित झाले. घरी जाताना बाबांकडे बघवत नव्हतं, पण कबूल करायची तयारी नव्हती.

मग पुढचा महिनाभर माझा जळफळाट. पोरं हॉलमध्ये आली की आधी बाबांना हात मिळवायची. लेक घरी येऊन सरावाचं सगळं आजोबांना आधी सांगायची, मला नंतर, तेही विचारलं तर. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत दोघांचं तासन्‌तास चालायचं, जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून. मी स्वयंपाकघरातून हे ऐकत कोबी चिरायची. नवरा आत येऊन म्हणायचा, "बाबा भारी आहेत ना?" मी म्हणायची, "हो ना," आणि कोबी इतका बारीक व्हायचा की त्याची भाजीच व्हायची नाही.

हेड ट्रेनर म्हणाला, "लेअरप्रोबेला खो घे. प्रश्नच नाही." मी म्हटलं, माझा धडा तयार आहे. खरंच होता. चार महिने खपून केलेला, आकृत्या, बाण, वेळेचं कोष्टक, सगळं. परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी तो करून बघितला. पोरं कोनांमधून मुकाट्यानं पास देत राहिली आणि देऊन झालं की उभी. सहा चेहऱ्यांवर एकच कंटाळा. एकानं जांभई दिली, हेल्मेटच्या जाळीतूनसुद्धा दिसली मला.

बुधवारी सकाळी अंडी उकडत असताना मी ठरवलं, खो घ्यायचा. आणि लगेच मनाशी वकिली सुरू केली. खो-खो काय बाबांच्या मालकीचा आहे? महाराष्ट्रातली अर्धी पोरं खेळतात. बर्फावर तो कसा बसवायचा हे तर मीच ठरवणार ना? बाबांना स्केटवर उभंही राहता येत नाही. बाबा समोरच पेपर चाळत बसले होते, मोबाइलवर. त्यांना विचारायला दोन वाक्यं पुरली असती. मी विचारलं, "अंडं घट्ट हवंय का?"

परीक्षा गुरुवारी होती. परीक्षक बाई पन्नाशीच्या, हातात क्लिपबोर्ड, चेहऱ्यावर काहीच नाही. हेड ट्रेनरला कुठल्याशा बिल्डिंगचं हीटिंग बंद पडल्यानं ऐन वेळी जावं लागलं होतं. बाबा काचेच्या दाराशी, नेहमीच्या जॅकेटमध्ये. मला बघून त्यांनी अंगठा वर केला. मला तोही सहन झाला नाही.

पण धडा! अहो, काय सुंदर झाला तो धडा. पोरं गोलसमोर एका गुडघ्यावर, एकाआड एक उलट्या तोंडानं. एकानं गोलमागून पक उचलायचा, पुढे तोंड असलेल्याला शोधायचं, "खो!" म्हणून पास द्यायचा आणि सुसाट जाऊन त्याच्या जागी गुडघा टेकायचा. मग सगळे उभे. मग मी दोन हल्लेखोर सोडले. तरी एकही पास चुकेना. शेवटच्या पाच मिनिटांत तर पोरं मला विसरूनच गेली, आपापसांत ओरडत, जागा धरत, पक बाहेर काढत राहिली. मी मधे उभी राहून फक्त बघत होते. माझे डोळे भरून आले. त्या क्षणी मी कुणावरही जळत नव्हते.

परीक्षक बाई बर्फाच्या कडेला आल्या. "ही एक्सरसाइज कुठून घेतली? माझ्या तरी वाचनात नाही."

बाबा तीन पावलांवर उभे होते. त्यांना जर्मनमधलं "डांके" आणि "चूस", म्हणजे थँक्यू आणि बाय, एवढंच येतं. माझ्या मागे लेक वाकून पक गोळा करत होती.

मी म्हटलं, "भारतात मी लहानपणी हा खेळ खेळायचे. त्यावरून मीच तयार केली. पूर्णपणे माझी."

बाईंनी "सेल्ब्स्ट एंटविकेल्ट" असं म्हणत म्हणत लिहून घेतलं. मी स्वतः विकसित केलेली. लिहून झाल्यावर पहिल्यांदाच हसल्या. "असं ट्रेनिंग मला क्वचित बघायला मिळतं. अभिनंदन. लायसन्सचं पत्र पोस्टानं येईल." मागे पक गोळा करायचा आवाज थांबला होता. मी वळून बघितलं नाही.

बाई गेल्या. मी दारातून बाहेर आले, मागोमाग लेक. तिनं हेल्मेट काढलं, केस घामानं कपाळाला चिकटलेले. बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला.

"झालं ना चांगलं? मला वाटलंच," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "काय गं, त्या बाई शेवटी आईला एवढं काय विचारत होत्या?"

लेकीनं माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांच्या पोरीनं आईकडे असं बघू नये. मग तिनं आजोबांकडे मान वळवली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली,

"त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं. आई म्हणाली, माझ्या सासऱ्यांनी. ते इथेच उभे आहेत."

बाबांनी चष्मा काढला, जॅकेटच्या बाहीनं पुसला, परत घातला. आणि मग मला रागावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अगं वेडे, माझं नाव कशाला घ्यायचं? परीक्षा तुझी होती. तेवढ्यावरून मार्क कमी केले असते म्हणजे?"

चहाचं झाकण माझ्या हातात तसंच होतं. लेक स्टिक उचलून कपडे बदलायला निघून गेली होती.

"नाही केले, बाबा," मी म्हटलं.